वर्गात खेळून शिकवायचं ऑपरेशन्स मॅनेजमेंट: नाणी, फासे, चिठ्ठ्या आणि मणी

वीस नाणी, चार विद्यार्थी आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. बॅचचा आकार (एका वेळी किती नग पुढे सरकतात) आणि लीड टाइम (काम सुरू झाल्यापासून माल हाती पडेपर्यंतचा वेळ) यांचं नातं वर्गाला दाखवायला एवढं सामान आणि पंधरा-वीस मिनिटं पुरतात. हेच मी काही वर्षं फळ्यावर सूत्रं मांडून शिकवत होतो. परीक्षेत मुलं ते बिनचूक लिहायचीही. पण "बॅच निम्मी केली तर पहिल्या ग्राहकाला माल कधी मिळेल?" असं तोंडी विचारलं की वर्ग चिडीचूप.

म्हणून खेळांकडे वळलो, आणि पहिल्याच सत्रात तोंडावर आपटलो. बीअर गेम, म्हणजे कारखान्यापासून दुकानापर्यंतच्या पुरवठा साखळीचा खेळ, घेतला. दीड तास नुसती धमाल. खेळ थांबला तेव्हा तास संपायला चार मिनिटं होती. घाईघाईने फळ्यावर 'बुलव्हिप इफेक्ट' (ग्राहकाकडून कारखान्याकडे जाताना ऑर्डरचे चढउतार फुगत जाणं) एवढं खरडलं आणि वर्ग सोडला. पुढच्या आठवड्यात विचारलं, काय शिकलात? उत्तर आलं, "सर, टीममध्ये संवाद पाहिजे." उत्तर चूक नव्हतं. पण त्यासाठी पुरवठा साखळी कशाला, रस्सीखेच घेतली असती तरी भागलं असतं.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की धरून चाललोय. विद्यार्थ्याने आधी स्वतःच्या हाताने लिहिलेला अंदाज आणि नंतर समोर आलेला आकडा यांचा मेळ बसला नाही की तो "असं का झालं?" म्हणून विचारतो, आणि शिकवायची वेळ तीच असते. खेळ फक्त ती वेळ आणून देतो. खालची सगळी मांडणी त्या हिशेबाने केली आहे.

खेळ मांडण्याआधी

एका खेळाला एकच प्रश्न ठरवा, आणि तो वाक्यात लिहिता आला पाहिजे. 'लीन (वाया जाणारं काम छाटणारी उत्पादनपद्धत) समजावून सांगणे' हा प्रश्न नव्हे. 'सगळ्यांची सरासरी क्षमता सारखी असताना शेवटी माल कमी का पडतो?' हा प्रश्न झाला.

मग अंदाजाची चिठ्ठी. नियम सांगून झाले की प्रत्येकाने आकडा लिहायचा, खाली नाव घालायचं आणि चिठ्ठी घडी करून टेबलावर ठेवायची. तोंडी अंदाज घेऊ नका. दोन हुशार मुलं बोलतात, बाकीची माना डोलावतात, आणि नंतर "मला तर आधीच वाटलं होतं" म्हणणाऱ्यांची रांग लागते.

तिसरी गोष्ट नोंदीची. खेळणारा आणि लिहिणारा वेगळा हवा. खेळात रंगलेला माणूस नोंदी विसरतो आणि शेवटी अंदाजपंचे आकडे भरतो.

वेळेची वाटणी निम्मी-निम्मी. तास नव्वद मिनिटांचा असेल तर पंचेचाळिसाव्या मिनिटाला खेळ बंद, मग तो कितीही रंगात आलेला असो. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे. मी एका विद्यार्थ्याला घड्याळ देऊन 'शिट्टीवाला' नेमतो, कारण माझा स्वतःवर भरवसा नाही.

पहिला डाव: नाणी

चौघांना एका ओळीत बसवा. प्रत्येकाने आपल्याकडे आलेलं प्रत्येक नाणं उलटं करायचं आणि पूर्ण बॅच झाली की पुढच्याकडे सरकवायची. एरवी उजवा हात वापरणाऱ्याने डावा हात वापरायचा, म्हणजे वेग साधारण सारखा राहतो. प्रत्येकामागे एक वेळ मोजणारा उभा करा. शिवाय दोन घड्याळं ग्राहकाची: पहिलं नाणं कधी मिळालं आणि शेवटचं कधी मिळालं.

फेऱ्या चार: बॅच २०, १०, ५ आणि १. प्रत्येक फेरीआधी अंदाजाची चिठ्ठी.

एक नाणं उलटायला एक सेकंद धरला तर कागदावरचा हिशेब असा येतो. बॅच २० ची असेल तर ग्राहकाला पहिलं नाणंही ८० व्या सेकंदाला आणि शेवटचंही ८० व्यालाच. १० च्या बॅचला पहिली खेप ४० ला, सगळं काम ५० ला. ५ ला २० आणि ३५. एकेक नाणं सरकवलं तर पहिलं ४ सेकंदांत, सगळी २३ मध्ये. वर्गातले आकडे याहून मोठे येतील, पण उतरण हीच दिसेल.

आता कामगारांमागच्या मुलांना त्यांचे आकडे वाचायला सांगा. इथे वर्ग पहिल्यांदा चमकतो. एकेक नाण्याच्या फेरीत प्रत्येक कामगाराचा स्वतःचा वेळ बहुधा वाढलेला असतो, कारण त्याला मधेमधे थांबावं लागतं. माणूस रेंगाळलाय आणि काम मात्र लवकर झालंय. 'प्रत्येकाला सतत कामात ठेवा' या समजुतीला एवढा नेमका धक्का दुसऱ्या कुठल्या खेळाने दिलेला मी पाहिला नाही.

लिटलचा नियमही इथेच पडताळून घ्या. प्रणालीत असलेला माल म्हणजे बाहेर पडण्याचा दर गुणिले आत घालवलेला वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये याची सिद्धता दिली. २० च्या बॅचमध्ये ८० सेकंदांत २० नाणी बाहेर पडतात, म्हणजे सेकंदाला पाव नाणं. प्रत्येक नाणं आत ८० सेकंद असतं. पाव गुणिले ८० बरोबर २०, आणि खरंच सगळा वेळ वीसच्या वीस नाणी आत आहेत. एकेक नाण्याच्या फेरीत ओळ भरली की सेकंदाला एक नाणं बाहेर पडतं, प्रत्येकाला ४ सेकंद लागतात, आत ४ नाणी. टेबलाकडे बोट दाखवून मोजता येतात.

चाणाक्ष विद्यार्थी इथे हरकत घेतो: "सर, आमचा हात बसत गेला म्हणून वेळ कमी झाला." हरकत रास्त आहे. त्यासाठी पाचवी फेरी पुन्हा २० च्या बॅचची घ्या. सवयीमुळे किती फरक पडला आणि बॅचमुळे किती, हे वेगळं काढता येतं. कुणी हरकत घेतलीच नाही तर मीच घेतो.

आणि इथे थांबलात तर मुलं 'बॅच जितकी छोटी तितकी चांगली' हा अर्धवट धडा घेऊन जातील. म्हणून नियम बदला: प्रत्येक नवी बॅच हाती घेण्याआधी प्रत्येकाने ५ सेकंद थांबायचं. हा झाला सेटअप, म्हणजे नवी बॅच सुरू करण्याआधीची तयारी. आता हिशेब उलटतो. २० च्या बॅचला एकूण १०० सेकंद, १० ला ७५, ५ ला ७०, आणि एकेक नाण्याला तब्बल १३८. मघाशी जिंकलेली फेरी आता सगळ्यांत मागे. मग सेटअप ५ वरून १ सेकंदावर आणा. ५ च्या बॅचला ४२ लागतात आणि २ च्या बॅचला ३९. म्हणजे छोटी बॅच परवडायची असेल तर आधी सेटअप खाली आणावा लागतो. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी साचे झटपट बदलण्यावर एवढा भर का दिला, हे या दोन आकड्यांनंतर सांगितलं की लगेच पटतं.

दुसरा डाव: फासे आणि काड्या

हा डाव एलियाहू गोल्डरॅट यांच्या १९८४ च्या 'द गोल' या कारखान्यावरच्या कादंबरीमुळे जगभर पोचला. पाच जण ओळीत, प्रत्येकाकडे एक फासा, दोघांच्या मध्ये एक वाटी. पहिल्याकडे काड्यांचा अमर्याद साठा. प्रत्येक फेरीत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने फासे टाकायचे. जेवढा आकडा पडेल तेवढ्या काड्या पुढे सरकवायच्या, पण आपल्या वाटीत आहेत तेवढ्याच. मागच्याने याच फेरीत दिलेल्या काड्याही वापरता येतात. वीस फेऱ्या.

अंदाज काय येतो? फाशाची सरासरी ३.५, वीस फेऱ्या, म्हणून ७०. बहुतेक चिठ्ठ्यांवर ७० च्या आसपासचाच आकडा असतो. वाट्या रिकाम्या ठेवून खेळ सुरू केला तर शेवटी हाती पडतात त्याहून बऱ्याच कमी, आणि मधल्या वाट्यांमध्ये काड्यांचा ढीग साचलेला.

कारण फळ्यावर दाखवता येतं. वाट्या रिकाम्या असताना पहिल्या फेरीत शेवटच्या माणसाच्या हातून जेवढ्या काड्या जातील तो पाच फाशांमधला सर्वांत लहान आकडा असतो. त्याची सरासरी साडेतीन नाही, सुमारे १.५७ येते. पुढच्या माणसाला सहा पडले आणि वाटीत दोनच काड्या असल्या तर चार काड्यांची क्षमता कायमची वाया गेली. ती पुढच्या फेरीला उधार मिळत नाही. तोटा पुढे सरकतो, नफा मागेच अडकतो.

आता याच डावात एक छोटा फेरफार. फासे तेच, पण १, २, ३ पडले तर ३ मोजायचे आणि ४, ५, ६ पडले तर ४. सरासरी अजूनही ३.५ च. पण पहिल्या फेरीतला तो सर्वांत लहान आकडा आता सरासरी ३.०३ वर जातो. क्षमता तसूभरही वाढवलेली नाही, चढउतार तेवढे कमी केले, आणि उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं. पुढच्या फेऱ्यांत वाट्या भरत जातात तसा हा फरक घटतो. तेही त्यांनाच नोंदींमधून शोधू द्या. मशिनची देखभाल, कामाची ठरलेली पद्धत, मालाचा नेमाने होणारा पुरवठा हे सगळं कशासाठी, याचं यापेक्षा थोडक्यात उत्तर माझ्याकडे नाही.

या डावातली नेहमीची गफलत म्हणजे घाई. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून मुलं क्रम सोडून एकदम फासे टाकायला लागतात आणि नोंदी बिघडतात. एक जण मोठ्याने "तीन नंबर!" असा पुकारा करत राहिला की गाडी रुळावर राहते.

तिसरा डाव: बीअर गेम

हा सगळ्यांत जड आणि सगळ्यांत देखणा. एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या सिस्टीम डायनॅमिक्सच्या (साठे आणि विलंब यांमुळे एखादी व्यवस्था कशी वागते याच्या अभ्यासाच्या) कामातून तो पुढे आला. एका साखळीत चार दुवे: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. पेट्यांऐवजी बटणं, मणी, कागदाचे तुकडे काहीही चालतं. सुरुवातीला प्रत्येकाकडे १२ पेट्या, आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर ४. मूळ खेळात पडून राहिलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर आणि न पुरवलेल्या पेटीला एक डॉलर खर्च लागतो. ध्येय संपूर्ण साखळीचा खर्च कमीत कमी ठेवण्याचं. आपापसात बोलायचं नाही. फक्त ऑर्डरची पालथी चिठ्ठी पुढे जाते.

आठवड्यातली कामं कायम याच क्रमाने:

१. आलेला माल साठ्यात घ्या आणि वाटेतला माल एक घर पुढे सरकवा.
२. आलेली ऑर्डर उघडा, मागची बाकी (आधी न पुरवलेला माल) धरून जमेल तेवढा माल पाठवा.
३. साठा किंवा बाकी लिहा.
४. वाटेतल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या पुढे सरकवा. कारखान्याने आलेली मागणी उत्पादनाला लावावी.
५. नवी ऑर्डर लिहून पालथी ठेवा.

प्रत्येक पायरी तुम्ही मोठ्याने पुकारायची आणि सगळ्या टेबलांनी एकत्र करायची. एखाद्या टेबलाची चिठ्ठी एकदा सरकवायची राहिली की तिथला सगळा हिशेब कोलमडतो, आणि ते कळतं पाच आठवड्यांनी. म्हणून पहिले तीन आठवडे सगळ्यांनी ४ च मागवायच्या असा नियम ठेवा. तेवढ्यात हात बसतो आणि घोटाळे बाहेर पडतात. एकूण ५० आठवडे खेळायचं असं जाहीर करा आणि ३६ व्या आठवड्यालाच थांबवा, म्हणजे शेवट जवळ आला म्हणून कुणी साठा रिकामा करत बसणार नाही. नवख्या वर्गात एवढे आठवडे एका तासात होत नाहीत. खेळ एका सत्रात आणि चर्चा पुढच्या सत्रात, असं सरळ ठरवून टाका.

ग्राहकाची मागणी किती? पहिले चार आठवडे ४, पाचव्यापासून शेवटपर्यंत ८. एवढंच. हे फक्त किरकोळ विक्रेत्याला दिसतं, तेही एकेक चिठ्ठी उघडत.

पंधराव्या-विसाव्या आठवड्याच्या सुमारास वर्गातला आवाज बदलतो. कारखान्यावरचा विद्यार्थी कपाळाला हात लावून बसलेला असतो. माझ्या एका वर्गात घाऊक विक्रेत्याने एका चिठ्ठीवर ४० लिहिले होते. त्याच्याकडे तीन आठवड्यांची बाकी तुंबली होती, आधी मागवलेला माल वाटेत होता, पण तो त्याने मनातून पुसूनच टाकला होता. नंतर तो सगळा एकदम येऊन आदळला आणि त्याच्या पुढ्यात बटणांची रास झाली. बाकीचे तिघे त्याच्यावर डाफरत होते.

खेळ थांबवल्यावर लगेच मागणी दाखवू नका. किरकोळ विक्रेत्यांना गप्प बसायला सांगा आणि बाकीच्यांना ग्राहकाची मागणी कशी असेल त्याची रेघ काढायला सांगा. कागदांवर लाटा उमटतात: मागणी चढली, कोसळली, पुन्हा चढली. सगळ्यांच्या रेघा भिंतीवर लावा. मग शेजारी खरी रेघ काढा: चार, चार, चार, चार, आठ, आणि पुढे सपाट. त्या मुलाने आपला ४० आकड्याचा कागद उचलून पाहिला आणि हळूच पालथा ठेवला. त्या क्षणी तुम्ही काही बोलू नका.

नंतर आकडे. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात संघांचा सरासरी खर्च शक्य त्या किमान खर्चाच्या सुमारे दहा पट होता. प्रत्येक टेबलाचे ऑर्डरचे चार आलेख एकाखाली एक लावले की लाट ग्राहकाकडून कारखान्याकडे जाताना कशी फुगत गेली ते दिसतं. स्टर्मन यांच्या मते मुख्य दोष म्हणजे मागवलेला पण न आलेला माल लोक हिशेबात धरत नाहीत. त्यापुढे हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७ मध्ये दिलेली चार कारणं ठेवा: अंदाज सतत बदलत राहणं, ऑर्डर साठवून एकदम देणं, किमतीतले चढउतार आणि टंचाईत मुद्दाम जास्त मागणं. यातली कुठली आपल्या खेळात होती आणि कुठली नव्हतीच, हे मुलांनाच छाटू द्या. किमती खेळात बदलतच नाहीत. ते कुणाच्या लक्षात येतं का बघा.

आणखी दोन, धावते

दर्जातज्ज्ञ डेमिंग यांचा लाल मण्यांचा प्रयोग दर्जाच्या तासाला घ्या. त्यांच्या डब्यात ४००० मण्यांत ८०० लाल असत आणि फळीला ५० खळगे. फळी डब्यात बुडवून बाहेर काढायची. लाल मणी म्हणजे दोष. सरासरी दहा लाल येणार हे उघड आहे, तरी तुम्ही पर्यवेक्षक बनून कमी लालवाल्याला शाबासकी द्या आणि जास्तवाल्याला ताकीद. शेवटी नियंत्रण आलेख (नुसत्या योगायोगाने होणाऱ्या चढउतारांच्या मर्यादा दाखवणारा) काढा: मर्यादा साधारण १.५ ते १८.५. बहुधा सगळे ठिपके आतच असतात, म्हणजे शाबासकी आणि ताकीद दोन्ही हवेतली. एक पथ्य मात्र पाळा. ताकीद झेलणारा विद्यार्थी आधी विश्वासात घेतलेला असावा. लाजाळू मुलावर हा प्रयोग केला तर दर्जाचा धडा बाजूला राहतो आणि तुमचा राग तेवढा लक्षात राहतो.

दुसरा एका मोसमापुरत्या मालाच्या खरेदीचा. मागणी १ ते ३०० मधला कुठलाही आकडा, सगळ्यांची शक्यता सारखी. वस्तू ३ ला घ्यायची, १२ ला विकायची, उरलेली वाया. किती मागवाल? एक वस्तू कमी पडली तर ९ चा नफा हुकतो, एक उरली तर ३ बुडतात, म्हणून योग्य उत्तर ३०० च्या पाऊणपट, २२५. खरेदीची किंमत ९ केली तर ७५. श्वाइट्झर आणि काशोन यांना २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की लोक दोन्ही वेळा १५० या मध्याकडे ओढले जातात. तुमच्या वर्गाची सरासरी काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

खेळानंतरची चर्चा

प्रश्नांचा क्रम बदलू नका. आधी 'काय झालं?', त्यानंतर 'आकडे काय सांगतात?', मग 'असं का झालं?' आणि शेवटी 'कुठला एक नियम बदलला तर फरक पडेल?'. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आलं की जमलं तर तो नियम बदलून पाच फेऱ्या लगेच खेळा. चर्चेतून निघालेला उपाय तिथल्या तिथे फसणं ही फार उपयोगी गोष्ट असते.

'का' विचारलं की वर्ग आधी माणसाचं नाव घेतो: "याने जास्त मागवलं." तेव्हा दुसऱ्या टेबलावरच्या त्याच जागेचे आकडे दाखवा. माणसं वेगळी, आलेख सारखेच. मग बोट माणसावरून रचनेकडे वळतं. यासाठीच किमान दोन टेबलं हवीत. वर्ग शंभराचा असेल तर पुढे दोन टेबलं खेळवा आणि बाकीच्यांना एकेका दुव्याचा निरीक्षक करा. त्यांनाही अंदाजाची चिठ्ठी सक्तीची.

गुण खेळातल्या निकालाला कधीच देऊ नका. दिले की मुलं तुमच्या नियमांतल्या पळवाटा शोधू लागतात. गुण एका पानाला द्या: माझा अंदाज काय होता, आकडा काय आला, फरक का पडला. अंदाज साफ चुकलेला पण कारण नेमकं पकडलेला कागद मी सगळ्यांत वर ठेवतो.

संगणकावरची सिम्युलेशनं वाईट नाहीत. बऱ्याच विद्यापीठांत चालणाऱ्या लिटलफील्डसारख्या खेळात क्षमता, रांगा आणि साठा यांचे निर्णय कित्येक दिवस चालवता येतात, ते टेबलावर जमणार नाही. पण पहिला अनुभव मी हाताने सरकवलेल्या बटणांचाच देतो. पडद्यावर साठा म्हणजे एक संख्या. टेबलावर तो कोपराला लागतो.

राहता राहिली नेहमीची शंका: वरच्या वर्गातली मुलं मागणीचे आकडे फोडतात, मग खेळाचा काय उपयोग? मलाही ही धास्ती होती. क्रोसन आणि डोनोह्यू यांच्या २००६ च्या प्रयोगात मागणी कशी येणार याची कल्पना सगळ्यांना असूनही साखळीत लाट उठलीच. ते वाचल्यावर एका वर्षी मी मुद्दाम खेळाआधी फळ्यावर लिहून टाकलं: ४, ४, ४, ४ आणि मग कायम ८. वर्ग हसला. अंदाजाच्या चिठ्ठ्यांवर खर्चाचे आकडे अगदी छोटे आले. अठराव्या आठवड्यात दुसऱ्या टेबलावरच्या कारखान्याने २४ पेट्या लावल्या, कारण, त्याच्याच शब्दांत, "मला आठ माहीत आहेत हो सर, पण वितरकावर माझा विश्वास नाही."